कितव्यावर चढली?

आमच्या कराडच्या घरात गाडीची परीक्षा एकाच प्रश्नावर होते आणि तो प्रश्न विचारण्याचा मान नानांचा. नाना म्हणजे माझे थोरले चुलते. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली. कराड-चिपळूण ही त्यांची लाडकी ड्यूटी. कुंभार्ली घाट चढून कुणीही घरी आलं, मग ती भाच्याची जीप असो, आंब्याचा टेम्पो असो की पाहुण्यांची चकचकीत नवी गाडी, चहा यायच्या आधी नाना विचारणार, "कितव्यावर चढली?"

तिसऱ्या गिअरवर म्हटलं की मान डोलायची. दुसऱ्यावर म्हटलं की नुसतं "हं". पहिला टाकावा लागला असं कुणी प्रामाणिकपणे कबूल केलंच, तर नाना पावसापाण्याचं विचारायचे. गाडीचा विषय संपला. इंजिन किती सीसीचं, पॉवर किती, किंमत काय, यातलं त्यांनी कधी काही विचारलेलं मला आठवत नाही. लहानपणी मला वाटायचं की गाडीची सगळी कुंडली त्या एका आकड्यात असते. खरं सांगायचं तर पन्नाशी गाठेपर्यंत तसंच वाटत होतं.

२०१६ साली विटारा ब्रेझा बाजारात आली आणि त्याच दिवाळीला आम्ही डिझेल ब्रेझा घेतली. १२४८ सीसी, ९० पीएस (म्हणजे ९० घोडे), टॉर्क २०० न्यूटनमीटर. इंजिन मूळचं फियाटचं, मल्टिजेट. स्विफ्टमध्ये तेच, पुंटोमध्ये तेच, इंडिका व्हिस्टामध्येही तेच; लोक गमतीने त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. चिपळूण माझी सासुरवाडी. परतताना मागे तांदळाचं पोतं, नारळ, कुळीथ, कधी फणस, आणि चार माणसं. शिरगाव, अलोरे, पोफळी मागे पडलं की घाट सुरू. वळणात क्षणभर दम खाऊन, सगळ्याच छोट्या टर्बो डिझेलांसारखी, ती एकदा मिनिटाला १७०० फेऱ्यांच्या पुढे गेली की मागून कुणीतरी हात लावून ढकलल्यासारखी निघायची. घरी पोहोचल्यावर मी प्रश्नाची वाट न बघताच सांगायचो, "तिसऱ्यावर." मान डोलायची. नऊ वर्षं हे असंच चाललं.

गेल्या वर्षी ती विकायची ठरली. आता मारुती डिझेल इंजिन बनवतच नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि त्यांनी डिझेलचा नाद सोडला. म्हणजे ब्रेझा घ्यायची तर पेट्रोल. कागदावर मला ती आवडली. १४६२ सीसी, १०३ पीएस. जुनीपेक्षा १३ घोडे जास्त आणि वजनाने थोडी हलकीच. शोरूमच्या पोराला शेजारी बसवून आगाशिवाच्या डोंगराकडच्या चढाला घातली. सवयीने तिसऱ्यावर ठेवली, पाय दाबला. काही नाही. म्हणजे गाडी जात होती, पण ते ढकलणं नव्हतं. बैलाला चाबूक दाखवावा आणि त्याने नुसता कान हलवावा तसं. पोरगं म्हणालं, "सर, एक गिअर खाली घ्या ना." मला राग आला. चढाला गिअर खाली घ्यावा लागला तर १३ घोडे वाढले कशाला?

ते घोडे गेले कुठे, या प्रश्नाने मला दोन रात्री जागवलं. तिसऱ्या रात्री कागद-पेन घेऊन बसलो.

पीएस म्हणजे काय, तर ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याची ताकद. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर मोट होती, मी अगदी लहान असताना. बैल धावेवरून उतरायचे आणि मोट वर यायची. हिशेब तोच: वजन किती आणि किती भरभर. गाडीतलं 'वजन' म्हणजे टॉर्क, म्हणजे इंजिनाच्या दांड्याला बसणारा पीळ, आणि 'भरभर' म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे. दोन्हींचा गुणाकार म्हणजे पॉवर. शाळेत हे शिकलो होतो, मार्कही मिळाले होते. गाडी चालवताना ते कधी आठवलं नाही, एवढंच.

आता घाट. गाडी, चार माणसं आणि सासुरवाडीचा माल धरून १५०० किलो. चढ दहा मीटरला एक मीटर. वळणातून तिसऱ्यावरच बाहेर पडलो, वेग ताशी ३३, फेऱ्यांचा काटा १५०० ला. एवढ्याला, चाकांचं घर्षण धरून, किती घोडे लागतात? गुणाकार केला आणि मीच चकित झालो: साधारण २१. फक्त २१! जाहिरातीत शंभराच्या खाली कुणी बोलत नाही आणि घाट चढायला एकवीस पुरतात. पण १५०० फेऱ्यांवर त्या पेट्रोल इंजिनाकडे असतं किती? त्याचा कमाल पीळ १३७ न्यूटनमीटर, तोही ४४०० फेऱ्यांवर. १५०० ला ११० धरू, हा माझा अंदाज. गुणाकार २३ घोड्यांवर येतो. एकवीस चढाने खाल्ले, उरले दोन. त्या दोघांनी दीड टन वजनाला वेग द्यायचा. कान हलवण्यापलीकडे ते काय करणार?

जुन्या डिझेलचे २०० न्यूटनमीटर १७५० वरच मिळत. तिथे गुणाकार ५० घोड्यांचा. चढाने वीसेक नेले तरी तीस हाताशी. मागून हात लावणारे ते हेच तीस.

म्हणजे १०३ घोडे खोटे नव्हते. ते ६००० फेऱ्यांवर बांधलेले होते आणि मी १५०० च्या गोठ्यात जाऊन त्यांना हाका मारत होतो.

हे सुचलं तेव्हा मला पोफळी आठवली. कोयनेचं पाणी दोन वाटांनी जातं. एक वाट नदीची स्वतःची: पाटणवरून संथपणे कराडला येते आणि प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. दुसरी वाट माणसाने पाडलेली: शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला नेलं आणि पोफळीच्या वीजघरात उभं कोसळवलं. कराडच्या घाटावर उभं राहिलं की नदी रुंद आणि दमदार वाटते, पण जोर असा जाणवत नाही. पोफळीला पाण्याचा थेंब दिसत नाही, सगळं डोंगराच्या पोटात, आणि त्यावर गिरण्या चालतात. पाणी किती आणि किती उंचीवरून, या दोघांचा गुणाकार तिथेही. डिझेलकडे पाणी भरपूर असतं, उंची कमी. या पेट्रोल इंजिनाला उंची लागते, म्हणजे फेरे लागतात. मी आयुष्यभर नदीकाठचा माणूस. उंचीवर जायची मला भीतीच.

भीती हा शब्द जपून वापरतोय. आमच्याकडे गाडी शिकवताना पहिली शिकवण असते, "इंजिन रडवू नको." आवाज वाढला की वरचा गिअर. काटा दोन हजारांच्या पुढे गेला तर अ‍ॅव्हरेज पडणार, इंजिन घासणार, आणि शेजारी बसलेले वडील खिडकीबाहेर बघत सुस्कारा सोडणार. मी शिकलो जीपवर, डिझेलच्या. माझा उजवा पाय तिथे घडला. आपण 'पिकअप' म्हणतो त्यात इंजिनाइतकाच या पायाच्या संस्कारांचा वाटा असतो, हे मला त्या रात्री पहिल्यांदा उमगलं. उमगलं, पण पटलं नाही. कारण मी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शोरूममध्ये गेलो.

महिनाभर हेच केलं. महिंद्राची एक्सयूव्ही थ्रीएक्सओ, डिझेल: ११७ पीएस, ३०० न्यूटनमीटर आणि तोही १५०० पासून. मघाचा गुणाकार इथे केला तर १५०० फेऱ्यांवरच ६४ घोडे. पाय ठेवला आणि मान मागे गेली. इतक्या लहान गाडीत एवढा पीळ म्हणजे तालमीतल्या पोराने दुसरीच्या वर्गात बसावं तसं. फोक्सवॅगन टायगुनचं एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल, टीएसआय: ११५ पीएस, १७८ न्यूटनमीटर, १७५० पासून ४५०० पर्यंत जवळजवळ सपाट. हे इंजिन मला मनापासून आवडलं. तीन सिलिंडरची एक गुरगुर असते, ती कुणाला खटकते. मला ती मुद्द्याचं बोलणाऱ्या माणसासारखी वाटते. आणि स्टेअरिंग! वळणात टाकली की गाडी तुमच्याशी वाद घालत नाही. टाटा नेक्सॉनचं १.२ टर्बो: १२० पीएस आणि १७० न्यूटनमीटर. एक नाशिकची, एक चाकणची, एक रांजणगावची. टेस्ट ड्राइव्हच्या नावाखाली माझं महाराष्ट्रदर्शन झालं.

एका गाडीचं नाव मुद्दाम घेत नाही, उगाच भांडण नको. मित्राची आहे, दोन क्लचवाली ऑटोमॅटिक. घाटात पुढे ट्रक अडकला होता, आम्ही मुंगीच्या चालीने वर सरकत होतो, आणि गिअरबॉक्स तापल्याची सूचना पडद्यावर आली. मित्राने कडेला घेतली. वीस मिनिटं आम्ही दरीकडे बघत उभे. कागदावर ती गाडी या सगळ्यांना धुळीत लोळवणारी. मागून एक एसटी शांतपणे आम्हाला ओलांडून गेली. नाना बरोबर नव्हते हे नशीब.

इथे जरा आडवाट करतो, कारण हे कळल्यावर मला गंमत वाटली. या सगळ्या गाड्यांत एक लिटर, बाराशे सीसी अशी इवली टर्बो इंजिनं का भरलेली असतात? अभियांत्रिकी कारणं आहेतच, पण मूळ धागा अर्थखात्यात जातो. २००६ च्या अर्थसंकल्पात 'छोटी गाडी' म्हणजे काय ते ठरलं: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० पर्यंत. त्यांना कर कमी. तेव्हापासून अख्खा उद्योग या चौकटीत बसायला पोट आत घेतोय. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला तेव्हाही चौकट तीच राहिली: आतल्याला १८ टक्के, बाहेरच्याला ४०. आता ब्रेझाची कथा बघा. लांबी ३९९५ मिलिमीटर, पाच मिलिमीटर राखून चौकटीत. पण इंजिन १४६२ सीसी, म्हणून चौकटीबाहेर. तिच्या शेजारी उभं असलेलं ११९९ सीसीचं टर्बो जास्त ताकद देतं आणि कर कमी भरतं. आपल्या पायाला घाटात जे जाणवतं ते काही अंशी दिल्लीत कुणीतरी फूटपट्टी धरून ठरवलेलं असतं. टर्बो म्हणजे शेवटी काय, छोट्या इंजिनाच्या तोंडात पंख्याने हवा कोंबायची. पंखा धुराच्या झोतावर फिरतो. धूर कमी तेव्हा पंखा आळशी. म्हणून तो दम खाण्याचा क्षण. आयुष्यभर मी त्या क्षणाला नावं ठेवली आणि त्यानंतरच्या ढकलण्यावर भाळलो. ढकलणं इतकं जोरदार वाटतं ते आधी काहीच नसतं म्हणूनसुद्धा, हे कुणी सांगितलं नव्हतं.

थ्रीएक्सओ डिझेल घ्यायची, असं माझं जवळपास ठरलं होतं. ३०० न्यूटनमीटर. घाटात तिसऱ्यावर सोडा, चौथ्यावर चढली असती काही ठिकाणी. नानांच्या मानेचं काय झालं असतं याचा मी विचार करत होतो.

तेव्हा घरातून आवाज आला.

"अहो, तुम्ही घाट चढता वर्षातून किती वेळा?"

"सहा. फार तर आठ."

"मी शाळेत जाते वर्षाला दोनशे वीस दिवस. गाडी कुणी चालवायची आहे?"

ही शिक्षिका आहे. शाळा घरापासून चार किलोमीटर. गाडीचे नव्वद टक्के फेरे तिचे, हे मला माहीत होतं. पण गाडीबद्दल बोलताना मी नेहमी उरलेल्या दहा टक्क्यांबद्दल बोलतो, हे माहीत नव्हतं. तिने मुद्दे मांडले, फळ्यावर लिहिल्यासारखे. क्लच हलका हवा. बॉनेटचं टोक बसल्या जागी दिसायला हवं. कोल्हापूर नाक्यावर सिग्नलला उभं असताना गाडी थरथरायला नको. आणि डिझेलचा मुद्दा तर तिने माझ्याच शस्त्राने निकालात काढला: नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, ती जळून साफ व्हायला इंजिन चांगलं तापावं लागतं, मोठ्या रस्त्यावर सलग पळावं लागतं. शाळेतल्या एका सरांच्या गाडीत रोजच्या लहान फेऱ्यांनी ती जाळी तुंबली होती आणि दिवा लागला होता. "चार किलोमीटरात काय तापणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. न्यूटनमीटरने हे सुटत नाही.

टेस्ट ड्राइव्हला या वेळी ती गेली आणि मी मागे बसलो. तिने इंजिनाबद्दल एक शब्द काढला नाही. सीट वर-खाली करून बघितली, आरसे बघितले, अरुंद गल्लीत गाडी उलटी वळवली. मागे बसल्यावर मला एक गोष्ट जाणवली जी चालवताना कधी जाणवली नव्हती. या उंच गाड्यांत वेग कळत नाही. पूर्वी मारुती ८०० मध्ये ताशी ८० म्हणजे विमान वाटायचं, कारण रस्ता ढुंगणाखालून जात होता. क्रॉसओव्हरमध्ये आपण खुर्चीवर बसल्यासारखे उंच बसतो, जमीन दूर जाते, कडेची झाडं सावकाश सरकतात. मग गाडी 'सुस्त' वाटते आणि आपण जास्त घोडे मागतो. उंचीसाठी पैसे मोजायचे आणि उंचीने पळवलेली मजा परत मिळवायला पुन्हा पैसे मोजायचे. वळणात ती जी जराशी कलते तीही त्या उंचीचीच देणगी. पण समोरचा खड्डा आधी दिसतो, आणि आपल्या रस्त्यांवर खड्डा आधी दिसणं हेही गाडी चालवण्याचं सुखच. हे तिचं म्हणणं. मी मान्य केलं, जरा कुरकुरत.

ब्रेझा आली. पेट्रोल, पाच गिअरची. मित्राच्या गाडीबरोबरची ती वीस मिनिटं डोक्यात होती आणि ऑटोमॅटिकचे वरचे पैसेही, म्हणून साधी.

डिसेंबरात तिच्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न चिपळूणला. नाना म्हणाले, "मी बी येतो. किती वर्षं झाली घाट बघून." परतताना तीच चालवणार होती, मला रात्रीच्या जागरणाने डोळे उघडवत नव्हते. नाना पुढे बसले. मी मागे, तांदळाच्या पोत्याशेजारी, मांडीवर नारळांची पिशवी.

पोफळी गेली. पहिल्या मोठ्या वळणाआधी तिने दुसरा टाकला आणि मग तो बदललाच नाही. काटा चार हजारांच्या पुढे. इंजिनाचा आवाज गाडीभर. माझा डावा पाय आपोआप नसलेला क्लच दाबत होता.

"अगं, तिसरा टाक. इंजिन ओरडतंय."

"ओरडू दे की. चढतंय ना?"

चढत होतं. नुसतं चढत नव्हतं, उड्या मारत चढत होतं. ती वॅगन-आरवर शिकलेली, पेट्रोलच्या. आवाजाची भीती तिच्या पायाला कुणी शिकवलीच नव्हती. माझ्या डोक्यात कागद फिरायला लागला. ४४०० फेरे, १३७ न्यूटनमीटर: ८६ घोडे. वेग साठाच्या आसपास, चढाला आणि वाऱ्याला मिळून लागतात चाळीसेक. उरले किती? पुढे उसाचा रिकामा ट्रॅक्टर होता. सरळ रस्ता दिसताच तिने इंडिकेटर दिला आणि तो मागे पडला. मी नारळ घट्ट धरले. जुन्या गाडीत मी त्या ट्रॅक्टरमागे हेळवाकपर्यंत गेलो असतो, तिसऱ्यावर, अभिमानाने.

नाना काही बोलले नाहीत. हात गिअरच्या दांड्याजवळ मांडीवर ठेवून बसले होते. त्यांच्या एसटीत फेरे दाखवणारा काटा वगैरे नव्हता; दांड्याची थरथर हाताला कळायची, तोच काटा.

कोयनानगरला चहाला थांबलो. हवा गार होती. मी बॉनेटला हात लावून बघितला, उगाच. नानांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि पहिल्यांदाच तो प्रश्न मला न विचारता तिला विचारला.

"कितव्यावर चढली, सूनबाई?"

"दुसऱ्यावर, नाना."

मी धरणाकडे बघायला लागलो. आता "हं" येणार.

नानांनी एक घोट घेतला. "बरोबर हाय. आमची लेलँड बी दुसऱ्यावरच चढायची."

"नाना!" मी जवळजवळ ओरडलो. "मग इतकी वर्षं तिसऱ्यावर म्हटलं की मान डोलवत होता ते?"

"तिसऱ्यावर चढली तर नवल न्हाई का?" नाना म्हणाले. "आमची कशावर चढायची, ते तू कुठं कधी विचारलंस?"